नाणेघाट : किल्ले वाटेपासून इतके लांब का?

वाटसरू७२

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात वैशाखऱ्याच्या बाजूने नाणेघाट, म्हणजे कोकणातून जुन्नरकडे जाणारी जुनी व्यापारी वाट, चढून आलो. माझी ही पाचवी खेप. आधीच्या चारही वेळा मोठा गट होता, त्यामुळे गुहा, रांजण, नानाचा अंगठा नावाचा कडा, फोटो आणि परतीची गाडी एवढंच झालं. या वेळी दोघंच होतो आणि घाई नव्हती.

रान संपून कातळातल्या पायऱ्या लागतात तिथे बराच वेळ रेंगाळलो. काही पायऱ्यांची मधली बाजू खोलगट झाली आहे. हात फिरवला तर तिथला दगड गुळगुळीत लागतो, कडेचा मात्र अजून खरबरीत आहे. पुढे गुहेत जाऊन बसलो. समोरच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, त्यांची आता पावलंच तेवढी उरली आहेत. डाव्या-उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, कार्षापण नावाची नाणी, सगळं आकड्यांसकट. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणांचा आकडा येतो. एवढ्या दानाचा हिशेब राजवाड्यात न कोरता घाटाच्या तोंडाशी कोरला, कारण वाचणारं जग याच वाटेने जात होतं.

आता प्रश्न. नळीतून, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद घळीतून, वर पठारावर आलो, उजवीकडे जीवधन दिसला आणि मनात आलं की घाट राखायला हा किल्ला म्हणतात, पण तो घाटावर आहेच कुठे? मध्ये सगळं पठार पसरलंय. गडावरून बाण सोडला तर नळीपर्यंत पोचणार नाही. चावंड त्याहून आत, हडसर कुकडीच्या पलीकडच्या अंगाला आणि शिवनेरी तर थेट जुन्नरच्या डोक्यावर. पुस्तकांत सगळीकडे एकच वाक्य असतं, 'नाणेघाटाच्या संरक्षणासाठी हे किल्ले बांधले'. पण राखायचे म्हणजे नक्की काय करायचे? वाट अडवायची असती तर नळीच्या तोंडावर एक बुरूज आणि दरवाजा पुरे होता. तो कोणीच का नाही बांधला?

कोकणकडा

चांगला प्रश्न आहे. माझं साधं उत्तर : गड बघण्यासाठी. जीवधनच्या पश्चिमेच्या कड्यावर, वानरलिंगी सुळक्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. स्वच्छ हवेत खालचं सगळं कोकण तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. खालून निघालेला तांडा वर यायला अर्धा दिवस सहज जातो. फौज असेल तर त्याहून जास्त. तेवढ्यात गडावरून चावंडला धूर दिसतो, चावंडवरून शिवनेरीला. नळीच्या तोंडावरच्या बुरुजातून हे दिसलं नसतं, तिथून फक्त समोरची दरी दिसते.

अनघा_प

कोकणकडा यांच्याशी सहमत, पण टेहळणी हा अर्धाच भाग झाला. नुसतं बघायचं असतं तर एक चौकी आणि चार माणसं पुरली असती. जीवधनवर कातळात खोदलेली मोठी धान्यकोठी आहे, दारावर गजलक्ष्मी आहे. चावंडवर ओळीने सात टाकी आहेत. एवढं धान्य आणि पाणी चार पहारेकऱ्यांसाठी कोणी साठवत नाही.

इतिहास बघा. १४८६च्या सुमारास निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने शिवनेरी आणि आसपासचे गड आधी हातात घेतले, १४९० मध्ये तो बहमनींपासून स्वतंत्र झाला आणि पहिली राजधानी केली ती जुन्नर. अहमदनगर नंतरचं, १४९४चं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीत वारसाहक्काची भांडणं पेटली तेव्हा लहानग्या बहादूरशहाला चावंडवर कोंडलं होतं. पुढे शहाजीराजांनी ज्या मुलाला गादीवर बसवून निजामशाही उभी धरली, तो मूर्तजाही जीवधनवरचाच. आणि १६३६ मध्ये तह झाला तेव्हा मोगलांना द्यायच्या गडांत हेच गड होते.

माझा मुद्दा असा की ज्याच्या ताब्यात हे गड, त्याचं कुकडीचं खोरं आणि त्याचाच जुन्नरचा बाजार. गडावर धनी बसला की घाट आपोआप त्याचा होतो. नळीच्या तोंडावर कोण उभं आहे याला त्यामानाने महत्त्व कमी.

दगडवेडा

पण हे किल्ले तर सातवाहनकालीन आहेत ना? दोन हजार वर्षांपूर्वी निजामशाही कुठे होती? घाट आणि किल्ले एकाच वेळी बांधले असंच आम्हाला गडावर सांगितलं गेलं.

अनघा_प

दगडवेडा, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. नाणेघाटातली गुहा, लेख, जुन्नर भोवतालची लेणी (लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या पोटातलीसुद्धा) सातवाहन काळातली आहेत यात वाद नाही. वाट तेव्हा वाहती होती, डोंगरात माणसांचा वावर होता, गडांवरची काही टाकी जुनी असू शकतात. पण आज आपण ज्याला किल्ला म्हणतो, म्हणजे तटबंदी, बुरूज, वळण घेऊन लपवलेले दरवाजे, कमानी, ते सगळं मध्ययुगातलं काम आहे. कातळात कोरलेली गोष्ट दिसली की थेट सातवाहनांच्या नावावर टाकायची सवय आपल्याला लागली आहे. कातळ कोरणं सातवाहनांबरोबर संपलं नाही. हडसरचा खिंडीतला दरवाजा आणि पायऱ्या एकदा निवांत बघा, अख्खा डोंगर आतून कापून काढलाय आणि बाहेरून पत्ता लागत नाही. ती दृष्टी लढाईची आहे, लेण्याची नाही.

दगडवेडा

मान्य. हडसरला दोनदा गेलोय आणि दोन्ही वेळा दरवाजा अगदी समोर येईपर्यंत दिसला नव्हता. या नजरेने कधी बघितलंच नव्हतं.

लादणी

धागा उशिरा पाहिला. थोडं लांब लिहितो, कारण या चर्चेत आतापर्यंत राजे आले, पहारेकरी आले, पण बैल आला नाही. आणि घाट ज्याच्यासाठी होता तो बैलच.

घाटवाटेवर गाडी चालत नाही. माल जातो लादणीच्या बैलांवर. पाठीवर पाठाळ (ओझ्याखालचं खोगीर), त्यावर दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या. वजनात फरक पडला की चढावर बैल एका बाजूला कलतो, म्हणून वंजारी लोक गोण्या भरताना फार काटेकोर असत. लादलेला बैल दिवसाला चार-पाच कोस चालतो. मग ओझं उतरवायचं, बैल चरायला सोडायचे, पाणी पाजायचं. रोजचं हे चक्र चुकवता येत नाही. तांड्यात शेकड्यांनी बैल असले तर शेकडो बैलांना पुरेल एवढं पाणी आणि गवत असलेल्या जागीच मुक्काम पडतो. अशा जागा डोंगरात मोजक्या.

आता हे अंतर नकाशावर मांडा. घाटमाथ्यावरच्या घाटघर गावापासून जुन्नर तीसेक किलोमीटर, म्हणजे तांड्याचे दोन टप्पे. पहिल्या टप्प्याच्या सुरुवातीला जीवधन. साधारण मधल्या मुक्कामाच्या भागात चावंड, शेजारीच पूर गावचं कुकडेश्वर मंदिर, जिथे कुकडी उगम पावते, म्हणजे पाणी आलं. दुसरा टप्पा संपतो तिथे शिवनेरी आणि बाजारपेठ. नदीच्या उत्तरेकडून कोणी आडवाटेने निसटायचं म्हटलं तर तिकडे हडसर आणि निमगिरी बसलेले. वाटसरू७२, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे : किल्ले वाटेवर लक्ष ठेवतातच, पण त्यांचा खरा पहारा तांड्याच्या मुक्कामांवर असतो. चालता तांडा कोणी लुटायला जात नाही, बैल रानभर पांगतात आणि हाती काही लागत नाही. लूट होते ती गोण्या उतरवून रचून ठेवलेल्या असतात तेव्हा, रात्री. व्यापाऱ्याला हवी असते ती रात्रीची झोप. जकात तो त्या झोपेसाठी देतो.

आणि नळीच्या तोंडावर दरवाजा का नाही? याचं उत्तर १६७५ मध्ये एका परक्या माणसाने अनुभवलंय. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून वर आला होता. येताना त्याला भलत्याच अवघड घाटाने आणलं. परतताना तो नाणेघाटाने उतरला आणि ही वाट जवळची आणि सोपी आहे हे त्याला तेव्हा कळलं. पण माथ्यावर तो अडकला. खालून मिठाने लादलेले तीनशे बैल वर येत होते. वाट इतकी अरुंद की दोन बाजूंच्या जनावरांना एकमेकांना ओलांडता येईना. तासन् तास खोळंबा झाला.

हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. तीनशे बैल एकामागे एक, पुढचा माथ्यावर आणि शेवटचा खाली रानात कुठेतरी. मागे फिरायला जागा नाही. एक बैल बुजला की सगळी रांग ठप्प. अशा जागी दरवाजा बांधून प्रत्येक गोणी तपासायला घेतली तर घाट चार दिवसांत बंद पडेल आणि व्यापारी बाजूच्या घाटाने जायला लागेल. बाजूला घाट कमी आहेत का? दाऱ्या आहे, आंबोली आहे, आहुपे आहे, माळशेज आहे. वाट मोकळी वाहती ठेवायची आणि वसुली वर पठारावर, जिथे बैल बसू शकतात तिथे करायची, यातच राजाचा फायदा होता.

अजून एक. १६७५ला जुन्नर आणि शिवनेरी मोगलांकडे, खालचं कल्याण मराठ्यांकडे. म्हणजे हा घाट दोन वैऱ्यांच्या मधला होता. तरी मिठाचे तीनशे बैल वर चालले होते. मला हे फार मोलाचं वाटतं. मीठ थांबलं असतं तर घाटावरची माणसं आणि गुरं दोन्ही हवालदिल झाली असती, आणि हे दोन्ही बाजूंच्या राज्यकर्त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वाटसरू७२

लादणी, हात जोडतो. पायरीच्या मधल्या खोलगट भागावर हात ठेवला होता तेव्हा 'किती टाचा गेल्या असतील' एवढंच मनात आलं होतं. मिठाची गोणी आणि तीनशे बैल आता तिथे दिसतील.

मग रांजणाचं काय? माथ्यावरच्या त्या दगडी रांजणात प्रत्येक व्यापारी जकातीचं नाणं टाकायचा आणि संध्याकाळपर्यंत रांजण भरायचा, ही गोष्ट सगळेच सांगतात. तुमच्या हिशेबात ती बसते का?

लादणी

जागा अगदी बरोबर बसते. नळी संपून पठार लागतं तिथेच तो आहे, म्हणजे जिथे बैल पहिल्यांदा थांबू शकतो तिथे. पण नाण्यांनी भरलेला उघडा दगडी रांजण दिवसभर वाटेवर ठेवणारा जकातदार मला काही पटत नाही. मिठाची मूठ, धान्याची ओंजळ अशी वस्तुरूपाने वसुली त्यात पडत असेल तर समजू शकतो. मूठ घ्यायची ही पद्धत आपल्या बाजारांत अगदी अलीकडेपर्यंत होती. नाही तर सरळ पाण्याचा रांजण. चढून आलेल्या माणसाला पहिली गरज पाण्याचीच असते.

मावळमाची

राजमाचीकडचं थोडं लिहितो. तिथे उलट चित्र आहे असं वाटतं पण नाही. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले, खाली दरीत कोंढाण्याची लेणी, बोरघाटाची जुनी वाट त्या बाजूने. इथेही गड वाटेवर नाही, वाटेच्या वर आणि बाजूला आहे. एक बालेकिल्ला खालच्या कोकणावर नजर ठेवतो, दुसरा वरच्या अंगावर. आणि मध्ये माची, जिथे गाव वसलेलं आहे, तळं आहे. तांड्याच्या मुक्कामाचा मुद्दा राजमाचीलाही लागू पडतो.

विशाळगडाच्या बाजूची १४५३ची हकीकत तर तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार खेळण्याकडे, म्हणजे आजच्या विशाळगडाकडे निघाला आणि वाटाड्यांनी त्याला दाट रानात नेऊन सोडलं. फौज तिथेच कापली गेली, गडाजवळ पोचलीच नाही. सह्याद्रीत गडाचा पहिला तट म्हणजे भोवतालचं रान, आणि ती वाट ठाऊक असलेला माणूस.

अनघा_प

मावळमाची, वाटाड्याचा मुद्दा फार महत्त्वाचा. फ्रायरलाही जाताना भलत्या घाटाने नेलं, तेही यातच आलं. किल्लेदार बाहेरून नेमलेला असायचा, पण कोणती वाट पावसात तुटते, कुठलं पाणी चैत्रात आटतं हे गडाखालच्या वस्तीलाच ठाऊक.

घाटघरची_लेक

मी या फोरमवर फक्त वाचते, लिहीत नाही. पण आज राहवलं नाही. माझं माहेर जीवधनच्या पायथ्याचं, आम्ही महादेव कोळी. माझी आजी लग्न होऊन आली ती कोकणातून, याच घाटाने चालत. ती सांगायची की तिच्या तरुणपणी गावातली माणसं हिरड्याची आणि तांदळाची ओझी घेऊन घाट उतरायची आणि खालून मीठ, सुकट, बोंबील घेऊन चढायची. बैल कमीच, बहुतेक डोक्यावर. पहाटे चांदणी असताना निघायचं, म्हणजे ऊन तापायच्या आत परतीचा चढ अर्धा होतो.

तुम्ही सगळे ज्याला शिलालेखाची गुहा म्हणता तिला आजी 'बसायची जागा' म्हणायची. ओझं उतरवायला तिथला कातळाचा ओटा बरोबर कमरेच्या उंचीला येतो, खाली वाकावं लागत नाही, आणि पुन्हा उचलताना दुसऱ्याची मदत लागत नाही. ओझं वाहणाऱ्यालाच हे कळतं. शेजारच्या टाक्यातलं पाणी प्यायचं, मिठाचं गाठोडं आधी कोरड्या जागी ठेवायचं, कारण कातळ पाझरतो आणि मीठ ओलं झालं की वजन वाढतं. भिंतीवर काय लिहिलंय हे तिला कधी माहीत नव्हतं. मी शाळेत शिकून येऊन सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई होती ना राणी? मग तिलाच सुचलं असंल बसायला जागा करायचं."

लादणी दादा म्हणतात ते मुक्कामाचं अगदी खरं आहे. आमच्याकडे अजून जुनी माणसं अंतर किलोमीटरने सांगत नाहीत, कुठल्या पाण्यापासून कुठल्या पाण्यापर्यंत असं सांगतात.

कोकणकडा

ताई, लिहीत जा. या एका प्रतिसादात जे मिळालं ते इतकी वर्षं घाट चढूनही मिळालं नव्हतं.

दगडवेडा

+१. ओट्याची उंची! पुढच्या वेळी सॅक त्यावर टेकवून बघणार.

मीठभाकर

मिठाचा विषय निघालाच आहे तर एक भर. शिवाजी महाराजांचं कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना लिहिलेलं १६७१चं पत्र आहे. पोर्तुगिजांच्या गोव्यातल्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं, त्यामुळे घाटावरचे उदमी तिकडे वळत होते आणि आपल्या मुलखातल्या मिठाला गिऱ्हाईक उरत नव्हतं. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली, म्हणजे ते घाटावर नेणाऱ्याला महाग पडेल आणि व्यापारी आपल्या बंदरांकडे येईल. अनघा_प म्हणतात तसं ज्याचे गड त्याचा घाट, हे खरंच. पण घाट हातात घेऊन पुढे काय करायचं, तर हे. एकही बैल न अडवता कोणत्या गावचं मीठ खपेल हे राजा ठरवू शकतो.

अनघा_प

सुंदर. आणि याचीच दुसरी बाजू १६५७ची. महाराजांनी जुन्नरवर रात्री छापा घातला, तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले असं बखर सांगते. शिवनेरी शेवटपर्यंत हाती आला नाही, पण त्याच्या पायथ्याची पेठ लुटता आली. धन कुठे होतं ते कळतं, आणि गड असूनही पेठ किती उघडी होती तेही.

लादणी

आणि शेवट १८१८चा. मेजर एल्ड्रिजच्या इंग्रज फौजेने जुन्नरकडचे हे गड एकामागून एक घेतले. घेतल्यावर त्यांनी काय फोडलं ते नीट बघा. चावंडच्या पायऱ्या फोडल्या, जीवधनच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. नाणेघाटाला हात लावला नाही. गड निकामी करायचा पण वाट चालू ठेवायची. उलट्या बाजूने तेच गणित.

घाटाला पुढे तोफेची गरजच पडली नाही. १८३०ला बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, १८६३ला तिथूनच रेल्वे वर चढली, दोन वर्षांत थळघाटातूनही. एका मालगाडीत जेवढं मीठ वर जातं त्यासाठी किती तांडे लागले असते याचा हिशेब वंजाऱ्यांनी आपापल्या परीने केला आणि बैल विकले.

वाटसरू७२

धाग्याने माझा प्रश्न पुरता बदलून टाकला. आता एक गोष्ट करून बघायची आहे. जीवधनच्या कल्याण दरवाजातून निघून नळीच्या माथ्यापर्यंत पायी किती वेळ लागतो ते मोजायचं. खाली तांडा दिसला आणि गडावरून माणसं सोडली, तर ती तांड्याच्या आधी पोचतात का हे तरी कळेल. डिसेंबरचा पहिला आठवडा धरतोय. घाटघरची_लेक, ताई, त्या बाजूने उतरता येतं का?

घाटघरची_लेक

येतं, पण कल्याण दरवाजाखालच्या पायऱ्या तुटलेल्या आहेत, तिथे दोर लागतो. दोर बांधायला माहीतगार सोबत घ्या, एकट्याने करू नका. डिसेंबरात धुकं सकाळी नऊपर्यंत हटत नाही, त्याआधी उतरायला घेऊ नका. पाणी गडावरच्या टाक्यातूनच भरून घ्या, मधल्या पठारावर मिळणार नाही. आणि वेळ मोजायचाच असेल तर आमच्या भावाला बरोबर घ्या. तुम्ही चालाल त्याच्या अर्ध्या वेळात तो पोचतो, आणि गडावरचे पहारेकरी त्याच्यासारखेच चालत असणार.

वाटसरू७२

दोर आणतो. भावाला निरोप द्या, ताई. घड्याळ त्याच्याच हातात बांधू.